टेहळणी विमानाच्या पंखावर वरून पांढरा रंग का देत असतील?

स्प्रेगन_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो, उद्यमनगरात, बावीस वर्षं झाली. विमानातलं मला काही कळत नाही, म्हणून इथं विचारतोय.

भाचा सातवीत आहे. त्याला वाढदिवसाला सेस्ना ओ-२ स्कायमास्टर या विमानाचं १:४८ मापाचं किट मिळालं. एक इंजिन पुढे, एक मागे, आणि शेपटाला दोन दांडे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेनं टेहळणीला आणि जेट विमानांना लक्ष्य दाखवायला वापरलेलं विमान. सांधायचं काम त्याचं आणि रंगाचं माझं, असं ठरलंय. दोन दांडे पंखाला बसतात तिथं फट राहिली होती, ती लांबी (पुट्टी) भरून आठशेच्या वॉटर पेपरनं घासून काढली. प्रायमरचा एक हात झालाय. आता रंगाशी येऊन अडलोय.

किटच्या कागदावर लिहिलंय, सगळं विमान फिकट राखाडी, पण पंखाची वरची बाजू पांढरी. शुभ्र पांढरी, गाडीच्या टपाला देतो तशी.

माझ्या धंद्यात रंगाची दोनच कामं. एक तर वस्तू दिसावी म्हणून, नाही तर दिसू नये म्हणून. शाळेची बस पिवळी, कारण ती लांबून दिसली पाहिजे. मिलिटरीचा ट्रक हिरवा, कारण तो दिसता कामा नये. मग शत्रूच्या डोक्यावर घिरट्या घालणारं हे हळू विमान, त्याच्या पंखावर पांढरा रंग कशासाठी? भाचा म्हणतो, "मामा, छापताना चुकलं असेल, आपण हिरवंच करू." त्याच्या पुस्तकात फँटम जेटचा फोटो आहे, ते वरून हिरवं-तपकिरी आहे. मलाही तेच बरोबर वाटत होतं, पण नीट कळल्याशिवाय स्प्रेगन हातात घेणार नाही. प्लास्टिकवर चुकलेला कोट काढताना खालच्या बारीक रेषा बुजतात.

आणखी एक. पोटाला राखाडी का? आभाळ निळं असतं, मग खालून निळा रंग का देत नाहीत?

---

पावसाळी_ढग

पत्रक चुकीचं नसावं, दुसऱ्या देशांच्या विमानांवरही पांढरे पंख पाहिल्यासारखे आठवतात. मला वाटतं उन्हासाठी असेल. व्हिएतनामात उकाडा भयंकर, आणि ओ-२ चा पंख केबिनच्या वरच असतो. बसच्या टपाला पांढरा देतात तसंच. जाणकारांनी सांगावं.

---

देवळालीकर

रंगारीबुवा, कागद बरोबर आहे. पंखाला वरून पांढराच द्या. कारण मात्र उन्हाचं नाही.

मी तोफखान्यात वायरलेस ऑपरेटर होतो, १९६८ ते १९९२. पहिली कित्येक वर्षं माझ्या कानाला हेडफोन आणि त्यात वरच्या विमानाचा आवाज. आमच्याकडे या कामाला ‘एअर ओपी’ म्हणायचे, म्हणजे एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट. आधी ऑस्टर विमानं होती, मग हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं कृषक आलं. दोन्ही छोटी, एका इंजिनाची, पंख डोक्यावर आणि चहूबाजूंनी काच. चालवणारा तोफखान्याचाच अधिकारी. गोळा कुठे पडला ते तो वरून बघायचा आणि सांगायचा, "ऍड फोर हंड्रेड", "राइट टू हंड्रेड". ऍड म्हणजे मारा तेवढा पुढे न्या, ड्रॉप म्हणजे तेवढा अलीकडे घ्या. मी ते खाली टिपून तोफांकडे द्यायचो. लष्कराच्या वैमानिकांची शाळा आजही आमच्या नाशिकरोडलाच आहे, हेलिकॉप्टरं रोज घरावरून जातात.

देवळालीच्या रेंजवर नवीन असताना आमच्या सुभेदार साहेबांनी एक खेळ लावला होता. एअर ओपीचं विमान येणार त्या दिशेला तोंड करून आठ जणांना उभं करायचे आणि म्हणायचे, पहिल्यांदा दिसेल त्यानं हात वर करायचा, आणि काय दिसलं ते सांगायचं. मी बराच वेळ बघत होतो आणि मला काहीच दिसत नव्हतं. विमान समोरच्या डोंगराच्या अंगाला धरून येत होतं. मग ते वळलं, आणि भिंगातून ऊन पडावं तशी एक ठिणगी लकाकली. पुढची काच. आठांपैकी सहा जणांनी त्याच क्षणी हात वर केले. साहेबांनी प्रत्येकाला विचारलं, रंग कोणता होता? एकालाही सांगता आला नाही. लांबून रंग दिसतच नाही, दिसतो उजेड-अंधाराचा फरक आणि हालचाल. हे मी वयाच्या एकविसाव्या वर्षी शिकलो ते कायमचं.

आता तुमच्या ओ-२ कडे येतो. या विमानावर दोन बाजूंनी नजर असते. खालून शत्रूची आणि वरून आपल्याच जेटची. खालच्यानं पाहू नये आणि वरच्याला दिसलंच पाहिजे, अशी दुहेरी गरज. म्हणून वरची बाजू वेगळी आणि खालची वेगळी.

वरच्याला दिसलं पाहिजे ते कशासाठी, हे नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथं आहे. व्हिएतनामात या छोट्या विमानाचा वैमानिक जंगलावर घिरट्या घालत लक्ष्य हुडकायचा. सापडलं की जेट बोलवायचा. जेट यायचं ताशी सात-आठशे किलोमीटरनं, खूप उंचावरून, आणि त्याच्या वैमानिकाला खाली दिसायचं फक्त जंगल, हिरव्यावर हिरवं. त्यात गाव कुठलं, आपली माणसं कुठली, शत्रूची खंदकं कुठली, काही कळायचं नाही. मग छोटा वैमानिक पांढऱ्या फॉस्फरसचं रॉकेट सोडून लक्ष्यावर धूर उठवायचा आणि धुरापासून इतकं उत्तरेला, इतकं पूर्वेला असं सांगायचा. पण बॉम्ब टाकायची परवानगी देण्याआधी तो एक प्रश्न हमखास विचारायचा: मी दिसतोय का तुला? जेटवाल्याला धूर दिसला पण छोटं विमान दिसलं नाही, तर तो सूर मारताना थेट त्याच्यावर यायचा, नाही तर बॉम्ब त्याच्या अंगावरून जायचे. एका छोट्या विमानाभोवती दोन-चार जेट सुसाट फिरतायत आणि कुणालाच ते दिसत नाही, ही शत्रूच्या रायफलीपेक्षा मोठी भीती होती. म्हणून पंखाला वरून पांढरा. त्याच कामाच्या ओव्ही-१० ब्राँको विमानालाही तसाच, राखाडी अंगावर पंखाची पाठ पांढरी. त्याआधीच्या बर्ड डॉग विमानांपैकीही काहींच्या पंखाची पाठ अशीच उठावदार रंगवलेली होती.

रात्रीही हाच हिशेब. पंखाच्या वर फिरता दिवा असायचा आणि त्याला खालून आडोसा. वरून येणाऱ्या जेटला दिवा दिसायचा, खालच्या तोफचीला नाही. दिव्याचं काम दिवसा पांढरा रंग करायचा, एवढं ध्यानात ठेवलंत की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. रात्रीच्या काही ओ-२ पूर्ण काळ्याही होत्या.

आणि शत्रूला खालून दिसणार नाही का? दिसणारच. त्याआधी ऐकू येणार. दोन इंजिनं असलेलं विमान डोक्यावर अर्धा तास गोल फिरतंय, ते लपून काय राहणार! वैमानिक साधारण दीड हजार फुटांच्या खाली जायचे नाहीत, रायफलीचा मारा वाचवायला. शिवाय खालचा माणूस बरेचदा गोळी झाडायचाच नाही, कारण झाडली की त्याची जागा उघडी पडायची आणि दोन मिनिटांत वरून बॉम्ब. खरोखर लपायचं होतं तेव्हा त्यांनी रंगावर विसंबून न राहता आवाज मारला. लॉकहीडचं वायओ-३ नावाचं विमान होतं, ग्लायडरसारखं, काळं, इंजिनाचा आवाज जवळजवळ नाहीसा केलेला. १९७० मध्ये व्हिएतनामात आलं, फक्त रात्री उडायचं, आणि शत्रूच्या गोळीनं एकही पडलं नाही.

पोटाच्या राखाडीचं आमच्यापैकी कुणी शास्त्र शिकलेल्यानं सांगावं. मला ते डोळ्यानं माहीत आहे, शब्दांत नाही.

---

स्प्रेगन_कोल्हापूर

काका, वाचून अंगावर काटा आला. भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. "मी दिसतोय का तुला?" हे वाक्य तो काल दिवसभर म्हणत होता.

त्याचा एक प्रश्न आहे, माझाही तोच. मग जेट का हिरवं-तपकिरी? त्यांनाही एकमेकांना दिसायला नको का? आणि काका, आपल्या कृषकला पांढरे पंख होते का?

---

वर्गात_बसा

मी भौतिकशास्त्र शिकवते, येवल्यात. पोटाच्या राखाडीचं मी सांगते, आणि त्यासाठी आमच्या संक्रांतीचा पतंग घेते.

येवल्यात संक्रांतीला आभाळ पतंगांनी भरलेलं असतं. पांढरा कागदी पतंग उन्हाकडे चढला की चमकतो, कारण कागदातून उजेड आरपार येतो. त्याच आकाराचा पांढरा पुठ्ठा उडवता आला असता तर तो खालून काळा दिसला असता. रंग पांढरा असला तरी उजेड पडतो त्याच्या पाठीवर, आणि आपण बघतो त्याचं सावलीतलं पोट. मागे मात्र लखलखीत आभाळ. आभाळाच्या मानानं कुठलाही रंग अंधाराच असतो. म्हणून पोटाला निळा दिला तर तो गडद निळा ठिपका होतो. जितका फिकट रंग, तितका आभाळाशी फरक कमी. फिकट राखाडी हा ढगाळ आणि उघड्या, दोन्ही आभाळांना बऱ्यापैकी चालणारा रंग आहे. बगळ्याचं पोट पांढरंशुभ्र असतं, तरी तो डोक्यावरून जाताना करडा दिसतो, हे तुम्ही पाहिलंच असेल.

पतंगाची युक्ती पहिल्या महायुद्धात करून बघितली गेली. जर्मनांनी काही विमानांना कापडाऐवजी सेलॉन नावाचा पारदर्शक पत्रा लावला, म्हणजे उजेड आरपार जाईल आणि विमान विरघळेल. झालं उलटंच. उन्हात तो काचेसारखा चकाकायचा, देवळालीकर काकांच्या त्या ठिणगीसारखा, आणि दमट हवेत सैल पडायचा.

मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलानं सरळ दिवेच लावले. पाणबुडी शोधणाऱ्या ऍव्हेंजर विमानाच्या तोंडावर आणि पंखांच्या पुढच्या कडेला दिव्यांची रांग. दिव्यांची प्रखरता मागच्या आभाळाइतकीच राखायची. समोरून बघणाऱ्याला काळा ठिपका दिसतच नसे. १९४३ च्या सुमारास घेतलेल्या चाचण्यांत जे विमान एरवी बारा मैलांवरून दिसायचं ते दिवे लावल्यावर दोन मैलांवर आल्यावर दिसलं. अंधारा ठिपका पुसायला उजेड! मला ही गोष्ट वर्गात सांगताना दर वेळी आनंद होतो.

रंगाच्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट. रात्रीच्या विमानांना आधी मखमलीसारखा मॅट काळा देत. चकाकी नाही म्हणजे दिसणार नाही, असा सरळ विचार. पण सर्चलाइटचा झोत पडला की खरखरीत काळा रंग तो उजेड सगळ्या दिशांना थोडा थोडा परत फेकतो, त्यातला थोडा खालच्या माणसाकडेही येतो. गुळगुळीत चकचकीत काळा आरशासारखं वागतो आणि झोत भलतीकडेच परतवतो. अमेरिकनांना हे चाचण्यांत कळलं आणि त्यांनी रात्रीची विमानं चकचकीत काळी केली.

आता जेटवाल्याला तुमचं विमान किती मोठं दिसायचं ते काढू. ओ-२ चे पंख ३८ फूट, म्हणजे साधारण ११.६ मीटर. जेट चार किलोमीटरवर आहे असं धरा. हात लांब करून पट्टी धरली तर त्यावर पावणेदोन मिलिमीटर. तुमचं मॉडेल १:४८, म्हणजे चार किलोमीटर भागिले ४८, साधारण ८३ मीटर. भाच्याला मॉडेलपासून ८३ मीटर लांब, उंचावर उभं करा. त्याला जे दिसेल तेच फँटमवाल्याला दिसायचं.

---

गिरगावकर

टेहळणी विमानं आणि मुंबई असा एक धागा आहे, तो इथं नोंदवतो.

१९४१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला पेशावरला लायसँडर विमानं मिळाली. लष्कराबरोबर राहून टेहळणी करायची, गोळ्यांची नोंद घ्यायची, त्याच कामाची. ती मुंबईच्या लोकांनी युद्धनिधीतून दिलेली होती. माझे आजोबा गिरणीत होते, पगारातून त्या निधीला पैसे कापल्याचं आजी सांगायची. तीच विमानं घेऊन के. के. मजुमदारांनी १९४२ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात तौंगूहून उड्डाणं केली. टेहळणीच्या विमानांना बॉम्ब लटकवून त्यांनी सयामच्या (आताच्या थायलंडच्या) सरहद्दीवरच्या जपानी तळांवर हल्ले केले. लायसँडरची पाठ तेव्हा हिरवी आणि मातकट अशा पट्ट्यांची असायची. देवळालीकर काकांच्या म्हणण्यानुसार ती पांढरी असायला हवी होती. मग का नव्हती?

---

देवळालीकर

गिरगावकर, तुमच्या प्रश्नात आणि भाच्याच्या प्रश्नात एकच उत्तर दडलंय. काल रात्री झोप लागली नाही, त्यामुळे सगळं मनात मांडून झालंय.

पंखाची पाठ पांढरी करायची हिंमत कधी होते? वर फक्त आपलीच माणसं आहेत अशी खात्री असते तेव्हा. दक्षिण व्हिएतनामवर शत्रूचं लढाऊ विमान येतच नव्हतं. वरून बघणारा प्रत्येक डोळा मित्राचा. मग पांढरं करा, नारिंगी करा, दिवा लावा. आभाळ आपलं नसेल तर तीच पांढरी पाठ शत्रूच्या विमानाला आमंत्रण. लायसँडरवर वरून हिरवा-मातकट होता, तो जर्मनांच्या मेसरश्मिट या लढाऊ विमानांसाठी, म्हणजे वरून बघणाऱ्या शत्रूला खालच्या शेतात विमान हरवून जावं म्हणून. तरी १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स आणि बेल्जियमवर पावणेदोनशेच्या आसपास लायसँडर गेली आणि ११८ परत आली नाहीत. हळू विमानाला नुसता रंग वाचवत नाही. जेटही हिरवं-तपकिरी होतं ते याच कारणानं. ते उत्तरेत हनोईकडे जायचं, तिथं वर शत्रूची मिग लढाऊ विमानं असायची.

उलट बाजू बघा. जुलै १९४३, सिसिली. अमेरिकेची १४४ मालवाहू विमानं छत्रीसैनिक घेऊन रात्री आपल्याच जहाजांवरून आणि आपल्याच फौजेवरून चालली होती. खालच्या लोकांनी शत्रू समजून तोफा सुरू केल्या. २३ विमानं पडली. आपल्या हातानं आपली पोरं. पुढच्या वर्षी नॉर्मंडीला जायच्या आधी दोनतीन दिवस हुकूम आला, विमानांच्या पंखांना आणि अंगाला काळे-पांढरे पट्टे मारा, तीन पांढरे दोन काळे. एका इंजिनाच्या विमानाला एकेक पट्टा १८ इंची. रंगारीबुवा, हजारो विमानं, दोनतीन दिवस, मास्किंग टेप लावायला वेळ नाही. हाताला लागेल त्या ब्रशनं ओढले. जुने फोटो बघा, कडा वाकड्या, खालचा रंग डोकावतोय. तोफखान्याची छोटी पायपर कब विमानंसुद्धा तसे पट्टे ओढून फिरत होती. झेब्र्यासारखं विमान लपून काय राहणार, पण त्या दिवशी लपण्यापेक्षा ओळख पटणं महत्त्वाचं होतं. फौज पलीकडे उतरली, विमानं पुढच्या धावपट्ट्यांवर उघड्यावर उभी राहायला लागली, आणि महिन्याभरातच वरच्या बाजूचे पट्टे पुसायला लावले. वरून जर्मन बघतील म्हणून.

पहिल्या महायुद्धातही हेच. १९१४ मध्ये इंग्रजांनी विमानावर आपला झेंडा रंगवला. त्यात मधे तांबडा क्रॉस. जर्मनांच्या विमानावर काळा क्रॉस. लांबून रंग दिसत नाही, आकार दिसतो, हे मघाशी सांगितलंच. आपल्याच शिपायांनी आपल्या विमानांवर गोळ्या झाडल्या. मग फ्रेंचांचं बघून त्यांनी गोल चकत्या घेतल्या. आपल्या हवाई दलाच्या विमानावरचा गोलही त्याच चालीतला.

आता कृषकला पांढरे पंख होते का, हे विचारलंत. नव्हते. आणि का नव्हते ते मला दुसऱ्या रीतीनं माहीत आहे.

डिसेंबर १९७१. मी पश्चिम आघाडीवर होतो, शकरगडच्या भागात. तिथं आभाळ कुणाचंच पूर्ण नव्हतं. दिवसातून कधी आपली विमानं, कधी पाकिस्तानची सेबर जेट. एअर ओपीवाले झाडांच्या शेंड्यावरून यायचे, गोळीबार दुरुस्त करायला तेवढे वर चढायचे आणि परत खाली. तिथल्या सपाट शेतात सगळ्यात मोठी चुगली रंगानं नाही, सावलीनं केली. सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना, उसाच्या आणि गव्हाच्या रानावरून सावली पळायची. विमान दिसायच्या आधी सावली दिसायची, शेजारच्या बांधावर चढायची, उतरायची. वरून बघणाऱ्या सेबरवाल्यालाही ती दिसत असणारच. सावलीला रंग देता येत नाही.

त्याच भागात कॅप्टन प्रदीप कुमार गौर एअर ओपीचं विमान घेऊन आपल्या तोफांचा मारा शत्रूच्या रणगाड्यांवर वळवत होते. सेबर विमानं त्यांच्यावर आली. त्यांच्याकडे बंदूक नाही, वेग नाही, कातडी कापडाची आणि पातळ पत्र्याची. ते पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. मी त्यांच्या वायरलेसवर नव्हतो, माझी तुकडी वेगळी होती. पण त्या आठवड्यात माझ्या कानातला आवाज मधेच थांबला की माझा हात पेन्सिलीवर गोठायचा. एकदा चार मिनिटं थांबला होता. मग साहेबांचा आवाज आला, "ड्रॉप वन हंड्रेड", अगदी शांत. मी लिहिलं आणि मग लक्षात आलं की मी श्वासच घेतला नव्हता.

पंखाची पाठ कुठल्या रंगाची, हे ठरवणारा माणूस खरं तर हे ठरवत असतो की त्या पोराच्या डोक्यावर कोण आहे. तुमच्या ओ-२ च्या डोक्यावर त्याचे मित्र होते. पांढरा द्या. आणि पुढच्या काचेला चांगली चकाकी ठेवा, ती खरी आहे.

---

वर्गात_बसा

काका, सावलीचं तुम्ही लिहिलंत ते मी उद्या दहावीच्या वर्गात सांगणार आहे. प्रकाशाचा धडा चालू आहे.

---

स्प्रेगन_कोल्हापूर

काका, तुमचा प्रतिसाद मी दुकानातच वाचला, गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्यांना पाच मिनिटं थांबा म्हणालो.

रविवारी भाच्याला घेऊन पन्हाळ्याला गेलो. मॉडेल न्यायला जीव धजेना, म्हणून पुठ्ठ्याची दोन विमानं कापली, पंख २४ सेंटिमीटर, मॅडमनी सांगितलेल्या हिशेबानं. दोन्हींना सगळीकडून तोच फिकट राखाडी, आणि एकाच्या पंखाच्या पाठीवर पांढरा. पाऊस थांबला होता, तटाखालचा उतार हिरवागार. मी दोन्ही घेऊन पायवाटेनं खाली गेलो आणि गवतात काटक्यांवर ठेवली, एकमेकांपासून दहा पावलांवर. भाचा तटाजवळ वर. चढताना पावलं मोजली, एकशे बारा भरली.

वर पोचलो तर त्याला पांढरं आधीच सापडलेलं. बोट तिकडेच. राखाडी कुठंय विचारलं. त्यानं डोळे बारीक केले, डावीकडे शोधलं, उजवीकडे शोधलं. एका दगडाकडे बोट दाखवलं. मला जागा माहीत होती तरी मलाही पहिल्यांदा दगडच वाटला तो. मग वारा आला, पुठ्ठा काटकीवर हलला, आणि दोघांनाही एकदम दिसला. हालचाल, काका, तुम्ही म्हणालात तशी.

खाली जाऊन दोन्ही आणली आणि भाच्यानं ती हातात धरून आभाळाकडे केली, मी खाली बसून बघितलं. ढग होते, पण आभाळ झगझगीत. दोन्ही काळी. पोटाला फिकट राखाडी मी स्वतः मारला होता, दोन हात, तरी काळी. एकाची पाठ पांढरी आहे हे खालून अजिबात कळत नव्हतं. किती तरी वेळ तो ती फिरवत राहिला आणि मी बघत राहिलो.

पांढरा काल रात्री मारला. तीन पातळ कोट, मधे वाळायला वेळ देऊन. पंखाच्या कडेला टेप लावली होती, रेष सरळ आली. काच शेवटी बसवणार, पॉलिश करून. भाच्यानं किटबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या वैमानिकाचं डोकं चिमट्यानं धरून थोडं वर वळवून चिकटवलंय. कागदावरच्या चित्रात तो समोर बघतो. मी विचारलं असं का, तर म्हणाला, तो जेट शोधतोय.